दोन खंड आणि एक भिंत

कादंबरीवर मत देण्यासाठी ती आधी वाचलेली असावी लागते, असा एक गैरसमज आपल्याकडे रूढ आहे. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर मी अधिकाराने सांगू शकतो की, मताला वाचनाची गरज नसते. मुलांना तर ती नसतेच, पण पेपर तपासणाऱ्यांनाही नसते. पुस्तकाची जाडी, लेखकाचं नाव आणि मलपृष्ठावरच्या चार ओळी एवढ्या भांडवलावर माणूस पाऊण तास सहज बोलू शकतो. मी स्वतः बोललेलो आहे. समोर टाळ्याही पडलेल्या आहेत.

तर आज कबुलीजबाब द्यायला बसलो आहे. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवर मी बावीस वर्षं पूर्ण मत बाळगून होतो आणि ती वाचली होती अर्धी. नेमकी अर्धी! दोन खंडांपैकी पहिला. दुसरा खंड आमच्या घरात नव्हता. तो भिंतीपलीकडे होता. भिंत आमचीच होती. निदान अर्धी.

हे नीट समजायला थोडा मागचा इतिहास सांगायला हवा.

आमचं गाव धावडा. तालुका भोकरदन, जिल्हा जालना. जिल्हा जालना हे १९८१ पासून. त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो. म्हणजे गावाने जागचं हलायचं नाही, पण जिल्हा बदलायचा, असा प्रवासही आम्हाला घडलेला आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कडेला आमची वस्ती. कापूस, मका, सोयाबीन आणि मिरची ही इथली पिकं. जवळच्या पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीबाजार प्रसिद्ध आहे. मिरचीच्या हंगामात आमच्याकडे पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येतं ते भेटीच्या आनंदाने, असा त्यांचा आम्ही समज करून देतो.

आमचे वडील, अण्णा, हे गावातले पहिले पुस्तकं विकत घेणारे गृहस्थ. 'तुंबाडचे खोत' १९८७ साली निघाली आणि दुसऱ्याच वर्षी अण्णा औरंगाबादहून ते दोन ठोकळे एस.टी.ने घेऊन आले. पिशवीत एका बाजूला पहिला खंड, दुसऱ्या बाजूला दुसरा खंड आणि मधे तोल सांभाळायला अर्धा किलो खारीक. आई पुस्तकांकडे पाहून एवढंच म्हणाली, "एवढ्यात कुकर आला असता." अण्णांनी दोन्ही खंडांना एकाच खाकी कागदाची कव्हरं घातली आणि पाठीवर शाईच्या पेनाने १ आणि २ असे आकडे टाकले. हे कव्हर लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

अण्णा गेल्यावर १९९६ साली आमची वाटणी झाली. मी आणि दादा, असे दोघेच भाऊ. वाटणी कशावरून झाली हे आता दोघांनाही धड सांगता येत नाही. तेव्हा मात्र दोघांकडेही पंचांना सांगायला तीन-तीन तासांचा मजकूर होता. शेत निम्मं-निम्मं झालं. धाब्याचं घर मधून तोडलं. अंगणात भिंत घातली आणि तिचा खर्चही निम्मा-निम्मा केला. भांडी मोजली, बाजा मोजल्या. विहीर तेवढी सामाईक राहिली. कारण विहिरीचे दोन खंड करता येत नाहीत. सोमवार ते बुधवार दादाचं पाणी, गुरुवार ते शनिवार माझं, आणि रविवारी भांडण.

शेवटी पंच पुस्तकांच्या कपाटाशी आले. पंच म्हणजे व्यवहारी माणसं. त्यांनी पुस्तकं संख्येवर वाटली. सारख्या आकाराची, सारख्या कव्हराची दोन पुस्तकं दिसली की एक इकडे, एक तिकडे. तसा 'तुंबाडचे खोत'चा पहिला खंड माझ्याकडे आला आणि दुसरा दादाकडे गेला. मी मराठीचा शिक्षक. मला हे सांगता आलं असतं की, बाबांनो, ही एकच वस्तू आहे. पण त्या दिवशी "एकच वस्तू आहे" हे वाक्य उच्चारायची दोघांचीही तयारी नव्हती. त्यातून पहिला खंड मी तेव्हा नुकताच संपवत आणला होता. दादाचाही पहिला वाचून झाला नव्हता. म्हणजे मी अर्ध्यावर आणि तो शेवटापासून.

तुम्ही म्हणाल, दुसरा खंड विकत का नाही आणला? गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "सुटा खंड मिळत नाही सर, संच घ्यावा लागेल." संच घेणं म्हणजे वाटणीत आपण फसलो हे कबूल करणं. आणि पगार शिक्षकाचा. मी घरी परत आलो आणि जाहीर केलं की, कादंबरीचा खरा ऐवज पहिल्या खंडातच आहे. दुसरा म्हणजे नुसता विस्तार. भिंतीपलीकडे दादानेही जाहीर केलं होतं की, पहिला खंड म्हणजे नुसती प्रस्तावना.

एव्हाना ज्यांनी ही कादंबरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठी तुंबाड नावाचं गाव. तिथल्या खोत घराण्याच्या चार पिढ्यांची ही गोष्ट. पानं सुमारे चौदाशे. पेंडसे मूळचे दापोलीकडच्या मुर्डीचे. नोकरी केली मुंबईत, बेस्टमध्ये. मन मात्र कोकणातून बदलून आणायचं राहून गेलं. 'गारंबीचा बापू' १९५२ चा, 'रथचक्र' १९६२ चं. 'रथचक्रा'ला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. त्यांचा जन्म १९१३ चा, म्हणजे 'तुंबाडचे खोत' निघाली तेव्हा वय चौऱ्याहत्तर! मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो तेव्हा पेन्शनचा चार पानी अर्ज भरताना तीनदा चहा प्यायलो होतो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी चौदाशे पानं म्हणजे काय, हे त्या अर्जानंतर मला कळलं.

कथानक मी सांगणार नाही. गावात अजून काही जणांचं वाचायचं राहिलं आहे आणि मला याच गावात राहायचं आहे.

तर वाटणीनंतर गावातले वाचकही वाटले गेले. माझ्याकडून पुस्तकं नेणारे ते पहिल्या खंडाचे आणि दादाकडे बसणारे ते दुसऱ्या खंडाचे. अर्ध्या गावाला आरंभ ठाऊक, अर्ध्याला अंत. आणि मतं मात्र सगळ्यांची चौदाशे पानांची.

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर हे माझे पहिले वाचक. त्यांनी आलेखाच्या कागदावर खोतांचा वंशवृक्ष काढायला घेतला. मूळ झालं, खोड झालं, मोठ्या फांद्या झाल्या आणि पहिला खंड संपला. तो निष्पर्ण वृक्ष पुष्कळ दिवस शिक्षकांच्या खोलीत टांगलेला होता. दादाकडे बसणारा कंपाउंडर एकदा शाळेत आला. त्याने तो पाहिला आणि म्हणाला, "हे काय! यात मधू खोतच नाही!" चित्रकलेचे सर म्हणाले, "कोण मधू?" दोघं एकाच कादंबरीचे वाचक होते. दोघांची ओळख मी करून दिली नाही.

पण या चित्रकलेच्या सरांनी एक मार्मिक गोष्ट सांगितली. म्हणाले, "सर, एवढी माणसं आहेत, पण एकाचं नाक दुसऱ्याला लावलेलं नाही." व्यक्तिचित्रणावर मी जी भारदस्त पुस्तकं वाचली होती, त्यांत याहून जास्त काही मला सापडलेलं नाही. खोतांच्या एकाच वाड्यात गणेशशास्त्र्यांसारखा देवमाणूसही निपजतो आणि ज्याच्या सावलीला उभं राहू नये असा माणूसही निपजतो. दोघांचं रक्त एक, वाडा एक, चुलीवरचं अन्न एक. आपल्याकडे कुणी बिघडला की, "वळणच तसं" म्हणून आपण मोकळे होतो. या कादंबरीत तसं मोकळं होता येत नाही.

आमच्या रस्त्यावरच्या एस.टी.चे एक कंडक्टर मुक्कामाच्या गाडीत रात्री वाचायचे. लेखक बेस्टमध्ये होता आणि त्याने 'बेस्ट उपक्रमाची कथा' नावाचं पुस्तकही लिहिलं आहे, हे मी त्यांना सांगताच ते ताठ बसले. "म्हंजे आपल्याच लाइनीतला मानूस की!" त्यानंतर त्यांनी कादंबरीत दोष काढायचं सोडलं. फक्त एकदा म्हणाले, "सर, चढणारे पॅशिंजर लई आन् उतरणारे कमी. गाडी भरून गेली. पन एक हाय, तिकिटाबिगर कोनी बसलेलं नाही." आता यावर समीक्षकाने आणखी काय बोलावं?

किराणा दुकानदाराने कादंबरी खातेवहीसारखी वाचली. कुठल्या पिढीने किती मिळवलं आणि कुठल्या पिढीने किती उडवलं, हे त्याने पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने मांडलं आणि वर मलाच विचारलं, "सर, शिल्लक दुसऱ्या खंडात पुढे ओढली असंल ना?" त्याचाच एक सिद्धान्त पंचक्रोशीत गाजला. तो म्हणाला, "कोकनात पाऊस दनकून, म्हनून कादंबऱ्या जाड. आपल्याकडं पाऊस उनाड, म्हनून पातळ." मी हसलो, पण घरी येऊन कपाट पाहिलं. आपल्या मराठवाड्याची म्हणून जी कादंबरी मी अभिमानाने दाखवतो ती रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा', १९७१ ची. गावातल्या शिंप्याचं घर, त्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत सांगितलेलं. आणि पुस्तक एका बैठकीत संपावं एवढं! तिथे चार पिढ्या नाहीत. एकच पिढी आहे आणि तीही पुरी होत नाही. दुकानदाराचं म्हणणं खोटं म्हणावं तर कसं? चार पिढ्या एका वाड्यात नांदायला खाली पाणी लागतं आणि वर धान्य लागतं. आमच्याकडे दर तिसऱ्या वर्षी माणसं कामाला बाहेर पडतात. वंशवृक्ष उभा राहायचा कुठे?

या सगळ्यांत मला निरुत्तर केलं ते एका म्हाताऱ्या बाबांनी. पूर्वी दुसऱ्याची जमीन कुळ म्हणून कसलेले. डोळे गेलेले, म्हणून त्यांचा नातू वाचून दाखवायचा. सहाव्या-सातव्या दिवशी त्यांनी पुस्तक परत पाठवलं आणि मागोमाग काठी टेकत स्वतः आले.

"गुरुजी, बुक चांगलं हाय. पन म्या इचारतो, खोत म्हंजे काय?"

मी वर्गात सांगतो तसं सांगितलं. खोत म्हणजे कोकणातला सरकारसाठी सारा गोळा करणारा वतनदार. कुळांकडून घ्यायचं आणि सरकारात भरायचं. मधलं राहील ते आपलं. आणि मधलं पुष्कळच राहायचं.

"म्हंजे आमच्याकडचा जहागीरदारच म्हना की!"

"जवळपास."

"मंग घर खोताचं, भांडन खोताचं, दुख खोताचं. आन् धान्य कोनाचं?"

मी गप्प बसलो. बाबा म्हणाले, "त्यायचं दुख खोटं हाय असं नाही. लिवनाऱ्यानं खरंच लिवलं. पन म्या दाराभाईर उभा राहून आयकल्यावानी वाटलं. आयुष्यभर तसंच आयकलं. आता बुकात बी तसंच काहून आयकू?"

मग मी त्यांना पुढचं सांगितलं. डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. खोती रद्द करण्याचा कायदा मात्र १९४९ साली झाला. आपल्याकडे निजामाचं राज्य गेल्यावर त्याच १९४९ साली जहागिरी गेल्या आणि पुढच्या वर्षी कुळकायदा आला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. उठताना म्हणाले, "तेवढं एक बुक निघालं की सांगजा. नातू हाय वाचायला."

घराण्याची कादंबरी घरात बसून लिहिली जाते आणि घरात बसून वाचली जाते. उंबऱ्याबाहेरचा वाचक आला की तिची उंची कमी होत नाही, पण दार दिसायला लागतं. पहिल्या खंडावरच्या माझ्या व्याख्यानात या बाबांचं मत नव्हतं. व्याख्यानं अशीच देतात.

व्याख्यानाचं सांगायचं राहिलंच. तालुक्याला एका साहित्य मंडळात मी 'तुंबाडचे खोत: एक आकलन' या विषयावर बोललो. विषय ठरवताना 'एक आकलन'ऐवजी 'अर्धं आकलन' असं लिहायला हवं होतं, पण छापील पत्रिकेवर ते बरं दिसत नाही. माझा मुद्दा असा की, ही माजाची कहाणी आहे. मोठेपण अंगात भिनलं की घर कसं सडतं, याची. बोलताना माझ्या डोळ्यांपुढे कोण होतं, हे सांगायला नको. पंधरा दिवसांनी त्याच मंडळात दादाला बोलावलं. तो पतसंस्थेत होता, पण वाचनाचा नाद अण्णांकडून त्यालाही आलेला. त्याचा मुद्दा असा की, ही एका मोडणाऱ्या घराची कहाणी आहे. धाकटे सोडून जातात आणि मागे राहणाऱ्याला छप्पर धरून ठेवावं लागतं. मी ते भाषण ऐकायला गेलो नाही, पण चहावाल्याकडून शब्दन् शब्द मिळवला आणि दोन रात्री झोपलो नाही.

आता थोडं जगात डोकावू. टोमास मान हा जर्मन लेखक पंचविशीत असताना त्याने ल्यूबेक शहरातल्या एका व्यापारी घराण्याच्या चार पिढ्यांवर 'बुडेनब्रूक्स' लिहिली. प्रकाशक म्हणाला, "निम्मी करा." मान म्हणाला, "एक पानही कमी होणार नाही." शेवटी १९०१ साली ती निघाली, आणि कशी? दोन खंडांत! खपली बेताचीच. पुढे १९०३ मध्ये दोन्ही खंड एकत्र बांधून स्वस्त आवृत्ती काढली तेव्हा कुठे लोकांनी उचलली. १९२९ साली त्याला नोबेल मिळालं ते मुख्यतः याच कादंबरीसाठी. हे मी पुष्कळ उशिरा वाचलं. वाचून बराच वेळ भिंतीकडे बघत बसलो.

आता खुद्द घरातलं. आमच्या सौभाग्यवतींनी पहिला खंड फार पूर्वीच वाचला होता. मत विचारलं की त्या म्हणायच्या, "अजून वाचतेय." पहिल्या वर्षी मला ते खरं वाटलं. दहाव्या वर्षी वाटलं, वाचनाचा वेग कमी असेल. एकदा मी त्यांना 'रथचक्र' दिलं. घर ओढत नेणाऱ्या बाईची कादंबरी. तेव्हा मात्र तिसऱ्या दिवशी पुस्तक माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "हे मला आधी का नाही दिलंत?" त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. मी मागितलंही नाही.

आणखी एक गोष्ट मला वर्षानुवर्षं दिसत होती आणि कळत नव्हती. कुणी पहिला खंड न्यायला आलं की सौभाग्यवती म्हणायच्या, "उद्या देते हं, शोधून ठेवते." सातशे पानांचा ठोकळा, त्यात शोधायचं काय?

ते कळायला २०१८ सालची दिवाळी उजाडावी लागली. त्या ऑक्टोबरात 'तुंबाड' नावाचा हिंदी चित्रपट आला. त्याचं नाव पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेलं. गोष्ट मात्र निराळीच. त्यात शापित खजिना आहे, वाड्याच्या पोटात बसलेला हस्तर नावाचा राक्षस आहे आणि पाऊस आहे. पाऊस तेवढा कोकणाचा. दादाचा मुलगा पुण्याला असतो. तो सिनेमा पाहून भारावून आला आणि सरळ भिंतीला वळसा घालून आमच्या ओसरीवर. भावाभावांची अबोला धरण्याची पद्धत असते. पुतण्याने ती पाळावी असा नियम नाही.

"काका, पहिला खंड द्या. हस्तर त्यातच असेल ना? दुसऱ्यात दोनशे पानं शोधला, नाही सापडला."

मी म्हणालो, "बाळा, त्या कादंबरीत राक्षस नाही. सगळी माणसंच आहेत." (हे वाक्य मी तेव्हाच टिपून ठेवलं.) आणि आत आवाज दिला, "अहो, तो खाकी कव्हराचा खंड आणा."

आतून सौभाग्यवती पीठ मळता मळता म्हणाल्या, "अरे, तो आठ दिवस झाले तुझ्या आईकडेच आहे."

मग घरात जी शांतता पसरली ती चौदाशे पानांची होती.

मी उठून कपाट उघडलं. खाकी कव्हर जागच्या जागी. पाठीवरचा आकडा घामाच्या हातांनी कधीच पुसलेला. आत उघडून पाहतो तो दुसरा खंड! माझ्या घरात! माझ्या कपाटात! म्हणजे मी ज्याला बावीस वर्षं 'नुसता विस्तार' म्हणत होतो, तो वेळोवेळी माझ्या उशापासून चार हातांवर झोपलेला होता.

हळूहळू सगळं बाहेर आलं. परसदारी न्हाणीजवळ भिंतीच्या दोन विटा सुट्या आहेत. गवंड्याने कच्च्या ठेवल्या असं मला इतके दिवस वाटत होतं. त्या वाटणीच्या वर्षीच काढल्या होत्या. त्या फटीतून काय काय गेलं होतं म्हणता! विरजण गेलं, बाळंतपणात डिंकाचे लाडू गेले, वहिनींच्या आईच्या दुखण्यात पैसे गेले आणि दर दोन-तीन महिन्यांनी खाकी कव्हर गेलं. दोघी जावांनी ती कादंबरी पहिल्याच वर्षी पुरी केली होती. नंतर दोनदा वाचली. मधेच कुणी वाचक आला की एक दिवसाची मुदत मागून खंड जागेवर आणायचा, एवढंच.

मी म्हणालो, "मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही मत सांगत होतात."

"बरं, मग तुमचं मत काय आहे?"

सौभाग्यवतींनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "मत असं काही नाही. वाचताना मला आणि वहिनींना एकच वाटायचं. यांची जमिनीची वाटणी होते, वाड्याची होते, भांड्यांची होते. स्वभावाची मात्र होत नाही. तो प्रत्येकाच्या वाट्याला अख्खाच्या अख्खा येतो. तुम्हा दोघांकडे बघत वाचलं की पानं भराभर जायची."

"आणि शेवट? शेवटी काय होतं?"

"ते मी सांगणार नाही. खंड तुमच्या हातात आहे."

मी तो खंड वाचला. पाच दिवस लागले. आता माझं मत देतो. आता मला तो अधिकार आहे. कादंबरी लांब आहे. मधेमधे फार लांब आहे. काही माणसं इतकी काळी रंगवलेली आहेत की दिवा घेऊन पाहावं. पण ती लांबी फुकट नाही. छोट्या कादंबरीत माणूस आपल्याला एखाद्या प्रसंगापुरता भेटतो आणि आपण त्याचा निकाल लावून टाकतो. लांब कादंबरीत तो म्हातारा होईपर्यंत शेजारी राहतो. ज्याचा पहिल्या खंडात मनसोक्त राग केला, त्याच्या घराची पडझड दुसऱ्यात पाहताना राग कुठे ठेवावा ते कळत नाही. नुसता पहिला खंड वाचणारा न्यायाधीश होतो आणि नुसता दुसरा वाचणारा रडतो. मी न्यायाधीश झालो होतो. भिंतीपलीकडचा काय करत होता, हे मला कधी दिसलंच नाही. भिंत तेवढ्यासाठीच तर घातली होती.

सहाव्या दिवशी खंड काखेत मारला आणि निघालो. भिंत नसती तर दहा पावलं; रस्त्याने वळसा घालून साठ पडतात. दादा ओसरीवर खाटेवर बसला होता. केस सगळे पांढरे झालेले. तसे ते मला रोज शेतातून दिसतच होते, पण लांबून पांढरं ते पागोटं वाटायचं. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, काखेतल्या खाकी कव्हराकडे पाहिलं आणि बावीस वर्षांनी पहिलं वाक्य बोलला.

"पहिला आणलास का?"

"पहिला तुझ्याच घरात आहे. वहिनींना विचार."

आतून बांगड्यांचा आवाज झाला आणि लगेच कपबशांचा.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग सरकून खाटेवर जागा केली. "बस," म्हणाला. "पण एक आधीच सांगतो. सोमवारचं पाणी माझंच."

"बुधवारपर्यंतच," मी म्हणालो आणि बसलो.

भिंत अजून आहे. पाडायची म्हटलं तर त्याचाही खर्च निम्मा-निम्मा करावा लागेल आणि आकड्यावरून पुन्हा पंच बोलवावे लागतील. त्या दोन विटांच्या जागी मात्र मी सुताराकडून आरपार फळी बसवून घेतली आहे. तिच्यावर दोन्ही खंड शेजारी शेजारी उभे असतात. वाचायला न्यायचे असतील तर कुठल्याही बाजूने यावं. एक दिवस आधी सांगायची गरज नाही.